दाबलेली हवा थंड कशी करावी?
टर्बो एंजिनांतील इंटरकूलरांची तुलना



गोंदियाहून दक्षिणेकडे येणारा रस्ता कोहमारा येथे मोठ्या महामार्गाला मिळतो. सडक अर्जुनी तालुक्यातील हे गाव लहान, पण त्याचा चौक मोठा वर्दळीचा. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हापासून तो ५३ झाला. भिलाई-रायपूरकडून नागपूरकडे आणि नागपूरकडून पूर्वेकडे जाणाऱ्या मालमोटारी येथून दिवसरात्र धावतात. त्यांतील काही गाड्यांवर ‘टर्बो’ हा शब्द किंवा ‘टीसीआयसी’ ही अक्षरे तुम्ही वाचली असतील. या अक्षरांचा अर्थ ‘टर्बोचार्जर आणि इंटरकूलर असलेले एंजिन’ असा आहे.

टर्बोचार्जर एंजिनात जास्त हवा भरतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. मग इंटरकूलर कशासाठी? तो किती प्रकारचा असतो? आणि त्यांतला चांगला कोणता? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण शाळेत शिकलेल्या भौतिकीच्या आधारेच शोधू. कागद-पेन्सिल जवळ घ्या, कारण थोडे गणित करावे लागणार आहे.

हवा का कोंबावयाची?

इंधन जळण्यास ऑक्सिजन लागतो. सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल, तितकेच इंधन नीट जळेल. अधिक शक्ती हवी असेल तर एक तर सिलिंडर मोठा करावा, नाही तर त्याच सिलिंडरात हवा दाबून भरावी. दुसऱ्या उपायासाठी संपीडक लागतो. हा संपीडक एंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने किंवा दंतचक्राने फिरविला, तर त्यास सुपरचार्जर म्हणतात. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने एक लहान टर्बाइन फिरवून त्याच्या आसावर संपीडक बसविला, तर तो टर्बोचार्जर. वाया जाणाऱ्या वायूंकडून काम करून घेण्याची ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली व १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

येथेच एक अडचण उभी राहते. सायकलीच्या चाकात जोरजोराने हवा भरल्यावर पंपाच्या तळाशी हात लावून पाहा. तो भाग गरम लागतो. तुम्ही हवेवर केलेले कार्य तिच्या आंतरिक ऊर्जेत जमा होते आणि तिचे तापमान वाढते. संपीडकातही हेच घडते, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडते.

पहिले गणित

समजा, मे महिन्यातील दुपार आहे आणि हवेचे तापमान ४५° से. आहे. विदर्भात हा आकडा काही नवलाचा नाही. निरपेक्ष मापनात हे ३१८ केल्विन झाले. संपीडकाने हवेचा दाब १ वातावरणावरून २ वातावरण केला. उष्णता बाहेर जाण्यास वेळ न मिळता हवा दाबली गेली, तर तिचे निरपेक्ष तापमान दाबाच्या गुणोत्तराच्या ०.२८६ व्या घाताने वाढते. लॉगॅरिथमच्या कोष्टकावरून २ चा ०.२८६ वा घात काढा, उत्तर १.२२ येईल. म्हणून नवे तापमान ३१८ × १.२२ = सुमारे ३८८ केल्विन. वाढ झाली ७० अंशांची.

हा झाला आदर्श संपीडक. खऱ्या संपीडकात घर्षण व भोवरे यांमुळे हवा आणखी तापते. त्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर वाढ ७० ÷ ०.७ = १०० अंश. म्हणजे ४५ अंशांची हवा १४५ अंशांची झाली! उकळत्या पाण्याहूनही ती गरम आहे.

आता घनता पाहू. वायूची घनता दाबाच्या सम प्रमाणात आणि निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. दाब दुप्पट झाला, तापमान ३१८ चे ४१८ केल्विन झाले. म्हणून घनता २ × ३१८ ÷ ४१८ = १.५२ पट. दाब दुप्पट केला, पण हवा मिळाली दीडपटच. राहिलेला लाभ उष्णतेने खाऊन टाकला.

तोटा एवढाच नाही. पेट्रोल एंजिनात अतिगरम मिश्रण ठिणगी पोहोचण्याआधीच आपोआप पेटू लागते आणि एंजिनात ‘ठोके’ पडतात. त्याने दट्ट्याला इजा पोहोचते. डिझेल एंजिनात ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे बनतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या ‘भारत स्टेज ६’ नियमांनी या ऑक्साइडांवर कडक मर्यादा घातली आहे. तेव्हा एंजिनात शिरणारी हवा थंड असणे हे केवळ चालकाच्याच नव्हे, तर रस्त्याकाठी राहणाऱ्या तुमच्याआमच्या फुप्फुसांच्याही हिताचे आहे.

म्हणून संपीडक आणि एंजिन यांच्या दरम्यान हवा थंड करणारे एक उपकरण बसवितात. तोच इंटरकूलर. रेल्वेत व जनित्रांच्या एंजिनांत त्यालाच ‘आफ्टरकूलर’ म्हणजे संपीडनानंतरचा शीतक म्हणतात. नावे दोन, काम एक.

काढावयाची उष्णता किती?

प्रकारांकडे वळण्यापूर्वी कामाचा आवाका पाहू. सुमारे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे डिझेल एंजिन घ्या. मालमोटारींत ते अनेक वर्षे वापरले गेले आहे. पूर्ण भाराखाली असे एंजिन दर सेकंदास साधारण ०.२ किलोग्रॅम हवा घेते असे धरू. या हवेचे तापमान ७० अंशांनी उतरवावयाचे आहे. हवेची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला सुमारे १ किलोज्यूल. म्हणून दर सेकंदास ०.२ × १ × ७० = १४ किलोज्यूल, म्हणजेच १४ किलोवॅट. एक-एक किलोवॅटच्या चौदा विजेच्या शेगड्या एकदम पेटविल्या, तर जितकी उष्णता बाहेर पडेल तितकी ही उष्णता आहे. ती सतत कोठे तरी नेऊन टाकावयाची आहे. ‘कोठे’ हाच सर्व तुलनेचा गाभा आहे, हे ध्यानात ठेवा.

प्रकार पहिला : हवेने हवा थंड करणे

अॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या नागमोडी पट्ट्या, असे याचे स्वरूप असते. नळ्यांतून दाबलेली गरम हवा जाते, बाहेरून वाऱ्याचा झोत जातो. मालमोटारींत हा इंटरकूलर बहुधा रेडिएटरच्या पुढे असतो. पुढे का? कारण रेडिएटरमधील पाणी ८५-९० अंशांचे असते. इंटरकूलर त्याच्या मागे ठेवला, तर त्याला आधीच तापलेली हवा मिळेल.

या प्रकारात उष्णता एकाच टप्प्यात बाहेरच्या हवेला मिळते. पंप नाही, पाणी नाही, गळती होण्याची जागा कमी. मात्र हवा ही उष्णता वाहून नेण्यास फार दुबळी आहे. वाऱ्याचे तापमान १० अंशांनीच वाढू द्यावयाचे असेल, तर १४ किलोवॅट नेण्यासाठी दर सेकंदास १.४ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ १,२५० लिटर हवा इंटरकूलरमधून जावयास हवी. म्हणून त्याचा दर्शनी पृष्ठभाग मोठा लागतो. शिवाय टर्बोपासून पुढच्या टोकापर्यंत आणि तेथून परत एंजिनापर्यंत लांब नळ्या न्याव्या लागतात. त्यांत थोडा दाब वाया जातो आणि पायटा दाबल्यावर त्या नळ्यांत दाब चढेपर्यंत क्षणभर उशीर होतो.

नळ्या आखूड करण्यासाठी काही गाड्यांत इंटरकूलर एंजिनाच्या माथ्यावर आडवा ठेवतात आणि बॉनेटवर वारा घेणारे तोंड काढतात. भारतात २००९ साली आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या तीन लिटरच्या डिझेल गाडीच्या बॉनेटवरील तोंड याच कामाचे. गाडी धावत असेपर्यंत ही रचना चांगली चालते. पण गाडी फाटकाशी उभी राहिली, की खालच्या तप्त एंजिनाची उष्णता वर चढून इंटरकूलरच तापतो. निघताना पहिले काही क्षण तो हवा थंड करण्याऐवजी तिला आणखी ऊबच देण्याचा संभव असतो.

प्रकार दुसरा : पाण्याने हवा थंड करणे

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. एक लिटर हवेस लागतात जेमतेम ०.००११ किलोज्यूल. म्हणजे आकारमानास आकारमान तोलले, तर पाणी हवेपेक्षा साडेतीन हजार पटींहूनही अधिक उष्णता वाहून नेते. वरचेच १४ किलोवॅट १० अंशांच्या वाढीत नेण्यास सेकंदाला केवळ एक तृतीयांश लिटर पाणी पुरते. हवेचे १,२५० लिटर आणि पाण्याचा एक पेलाभर! म्हणून हा इंटरकूलर लहान असतो, एंजिनाला चिकटून बसविता येतो आणि हवेच्या नळ्या आखूड राहतात. चाकण येथे बनणाऱ्या फोक्सवॅगन टायगुन व स्कोडा कुशाक या गाड्यांच्या एक लिटरच्या टीएसआय एंजिनात तो थेट हवा वाटणाऱ्या नळकांड्यातच बसविलेला आहे.

पण थांबा. पाण्याने घेतलेली उष्णता पुढे कोठे जाते? गाडीच्या बरोबर नदी तर वाहत नाही. तेच पाणी एका लहान रेडिएटरमधून फिरवून त्याची उष्णता वाऱ्यालाच द्यावी लागते. म्हणजे शेवटी उष्णता घेणारा वाराच. पाणी हा फक्त मधला हमाल. आणि प्रत्येक हस्तांतरासाठी तापमानात फरक हवा. बाहेर ४५ अंश असतील, तर पाणी ५५-६० अंशांच्या खाली क्वचितच राहील. दाबलेली हवा त्याहून थंड होणे शक्य नाही.

येथे पुन्हा दोन पोटप्रकार आहेत. एकात एंजिनाचेच ८५ अंशांचे पाणी वापरतात, दुसऱ्यात इंटरकूलरसाठी वेगळे, कमी तापमानाचे पाणी. पहिला साधा पण कमी प्रभावी. भारतीय रेल्वेच्या ‘डब्ल्यूडीएम-२’ या सुप्रसिद्ध डिझेल एंजिनात असाच आफ्टरकूलर होता. अल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेचे, सोळा सिलिंडरांचे, २,६०० अश्वशक्तीचे हे एंजिन १९६२ साली भारतात आले व १९६४ पासून वाराणसी येथे बनू लागले. पुढे त्याच्या ‘डब्ल्यूडीएम-३ए’ या सुधारित रूपात शक्ती ३,१०० अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. अधिक कार्यक्षम टर्बोचार्जरच्या जोडीला मोठा आफ्टरकूलर हेही त्यामागचे एक कारण होते.

जहाजावर मात्र पाण्याचा प्रकार निर्विवाद श्रेष्ठ. तेथे उष्णता घ्यावयास अख्खा समुद्र हजर असतो.

प्रकार तिसरा : बाष्पीभवनाने थंड करणे

आपल्याकडील माठ किंवा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो, तेच तत्त्व येथे वापरतात. अमेरिकेत १९६२ साली निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो मोटारीत इंटरकूलर नव्हताच. हवेच्या वाटेत पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाचा फवारा सोडला जाई. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल शोषले जातात. तेव्हा आपल्या १४ किलोवॅटसाठी सेकंदास ६ ग्रॅमही पाणी पुरे. हा आकडा किती छोटा! पण तासाचा हिशेब करा : सुमारे २१ लिटर. नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या मालमोटारीने वाटेत किती पिंपे भरून घ्यावीत? टाकी संपली की संरक्षणही संपले. म्हणून हा उपाय थोड्या वेळेच्या शर्यतींपुरता ठीक.

शर्यतींच्या गाड्यांत पाण्याच्या टाकीत बर्फही टाकतात. एक किलोग्रॅम बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. १४ किलोवॅटच्या हिशेबाने तो २४ सेकंदांत संपेल. चारशे मीटरच्या शर्यतीला तेवढे पुष्कळ झाले.

आता तुलना

इंटरकूलर किती परिणामकारक आहे हे असे मोजतात : हवेचे तापमान प्रत्यक्षात जितके उतरले, त्यास ते जास्तीत जास्त जितके उतरू शकले असते त्याने भागावयाचे. हवेच्या प्रकारासाठी ही परिणामकता ०.७ आणि पाण्याच्या प्रकारासाठी ०.८ धरू. लांब नळ्यांमुळे पहिल्यात ०.१ वातावरण, दुसऱ्यात ०.०५ वातावरण दाब वाया जातो असे मानू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. बाहेर ४५ अंश असताना एंजिनात शिरणारी हवा अशी मिळेल :

१. इंटरकूलर नाही : १४५° से.; दाब २.००, घनता १.५२ पट.
२. एंजिनाच्या पाण्याने (८५°) : ९७° से.; दाब १.९५, घनता १.६८ पट.
३. हवेने (४५°) : ७५° से.; दाब १.९०, घनता १.७४ पट.
४. वेगळ्या पाण्याने (६०°) : ७७° से.; दाब १.९५, घनता १.७७ पट.

प्रत्येक ओळ स्वतः पडताळून पाहा. इंटरकूलर नसण्यापेक्षा कोणताही इंटरकूलर बरा, हे उघड आहे. पण तिसऱ्या व चौथ्या ओळीत फरक किती? दोन टक्क्यांच्या आतबाहेर! तेव्हा केवळ ‘हवा की पाणी’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. निवड ठरते ती कामाच्या स्वरूपावरून.

मोटारगाडीला पूर्ण शक्ती फार थोडा वेळ लागते. पुढची गाडी ओलांडण्यास समजा दहा सेकंद लागले. १४ किलोवॅटने १४० किलोज्यूल उष्णता आली. चक्रात ५ लिटर पाणी असेल, तर त्यातील काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे धरूनही पाणी सात अंशांपेक्षा कमी तापेल. पुढे संथ चालताना ते सावकाश निवेल. येथे पाणी हमालाबरोबरच बँकेचेही काम करते. उष्णता ठेव म्हणून घेते आणि सवडीने परत करते.

पूर्ण भार घेऊन तासन् तास धावणाऱ्या मालमोटारीला ही बँक निरुपयोगी. ठेव सतत येतच राहिली, तर पाच लिटर पाणी काही मिनिटांतच आपल्या शेवटच्या तापमानाला पोहोचते. मग जितकी उष्णता येईल तितकी त्याच क्षणी वाऱ्याला द्यावीच लागते. ती द्यावयाचीच आहे, तर मधला हमाल कशाला? आणि मालमोटारीचे तोंड रुंद; मोठा इंटरकूलर बसविण्यास जागा भरपूर. म्हणून लांब पल्ल्याच्या मालमोटारींनी हवेचा प्रकार स्वीकारला.

हा प्रवास कमिन्स कंपनीच्या एंजिनांच्या नावांतही दिसतो. ‘६बीटी’ म्हणजे सहा सिलिंडरांचे, बी मालिकेतील, टर्बोचे एंजिन. ‘६बीटीए’ म्हणजे त्यालाच पाण्याने थंड होणारा आफ्टरकूलर जोडलेले. आणि ‘६बीटीएए’ म्हणजे हवेने हवा थंड करणारे. एकेका अक्षराने भौतिकीचा एकेक धडा वाढला आहे.

विमानांतही जागेचाच प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली आलेल्या स्पिटफायर मार्क ९ विमानातील मर्लिन ६१ एंजिनाला दोन टप्प्यांचा सुपरचार्जर व द्रवाने थंड होणारा इंटरकूलर होता. विमानाच्या निमुळत्या नाकात मोठा हवाई इंटरकूलर मावला नसता. लहान इंटरकूलर एंजिनाजवळ ठेवून त्याचा रेडिएटर पंखाखाली नेता आला.

काळजी

हवेच्या इंटरकूलरचे सारे बळ त्याच्या पट्ट्यांमधील मोकळ्या फटींत आहे. धूळ, किडे, धानाच्या मळणीच्या दिवसांतील कोंडा व तूस या फटींत अडकले, की वारा जाणे थांबते. परिणामकता ०.७ वरून ०.४ वर आली, तर ७५ ऐवजी १०५ अंशांची हवा एंजिनात शिरेल. गाडी ओढ घेईनाशी होते, धूर वाढतो, डिझेल जास्त लागते, आणि दोष मात्र टर्बोला दिला जातो. आतून बाहेरच्या दिशेने, बेताच्या दाबाच्या हवेने फटी साफ करणे हा पहिला उपाय.

करून पाहा

स्टीलचे तीन सारखे पेले घ्या व त्यांत साधारण ६० अंशांचे सारखेच पाणी भरा. पहिला पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. दुसरा एका लहान पातेल्यातील गार पाण्यात ठेवा. तिसऱ्याला ओले फडके गुंडाळून तोही पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी तिन्हींचे तापमान नोंदवून आलेख काढा. पातेल्यातील पाण्याचेही तापमान घ्या. सुरुवातीस कोण पुढे असते आणि वीस मिनिटांनंतर कोण, ते पाहा. मग दुसऱ्या पेल्याचा प्रयोग बादलीभर पाण्यात करा. तीन प्रकारचे इंटरकूलर तुमच्या टेबलावर आले की नाही?

स्वाध्याय

१. डिसेंबरच्या पहाटे हवा १०° से. आहे. दाब दुप्पट केल्यावर खऱ्या संपीडकातून निघणाऱ्या हवेचे तापमान काढा. (उत्तर : सुमारे ९९°)
२. त्याच पहाटे वरील क्रमांक २ व ३ च्या इंटरकूलरांनी घनता किती पट होईल? (उत्तर : अनुक्रमे सुमारे १.५३ व १.७४)
३. एंजिनाचे पाणी वापरणारा इंटरकूलर थंडीत जवळजवळ निरुपयोगी का ठरतो, आणि हवेच्या इंटरकूलरचे गुणोत्तर उन्हाळ्यात व हिवाळ्यात सारखेच का राहते, हे दोन-तीन वाक्यांत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला सुचेल, त्याला इंटरकूलर समजला असे खुशाल मानावे. पुढच्या वेळी एखादी मालमोटार चौकात थांबलेली दिसली, तर चालकाची परवानगी घेऊन तिच्या जाळीतून आत डोकावा. रेडिएटरच्या पुढे उभी असलेली ती अॅल्युमिनियमची चौकट ओळखता येते का पाहा, आणि तिच्या फटी मोकळ्या आहेत की बुजलेल्या तेही पाहून ठेवा.